उपाशी पट्ट्याचं बाळसं

"यंदा गहू मागेल तेव्हाच त्याला युरिया द्यायचा," असं धाकट्यांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं, तेव्हा थोरल्यांनी कप बशीत ठेवला आणि याच्या अंगात ताप आहे का बघ, असं सुनेला सांगितलं.

थोरले म्हणजे वडील आणि धाकटे म्हणजे त्यांचा मुलगा. धाकट्यांच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, जिना चढताना गुडघा कुरकुरत होता, तरी गावाच्या लेखी ते धाकटेच. कारण थोरले ठणठणीत होते आणि शेताचा कारभार त्यांच्याच हातात होता. पेरायचं धाकट्यांनी, पाणी द्यायचं धाकट्यांनी, पंप बिघडला की खेटे घालायचे धाकट्यांनी. कधी, काय आणि किती हे मात्र थोरले ठरवणार. युरियाच्या बाबतीत तर त्यांचा शिरस्ता पक्का होता. गहू वीतभर झाला की सगळी पोती एकदम बांधावर आणायची आणि मुठी भरभरून फेकायची. मग पाण्याची पाळी दुसऱ्या दिवशी येवो नाहीतर आठवड्याने. त्या दिवसांत शेतावरून वारा आला की घरातल्यांचे डोळे चुरचुरत आणि नाक झोंबे. थोरले मात्र तो वास छाती भरून घेत आणि म्हणत, शेत जेवलं.

तो वास शेत जेवल्याचा नाही, ताटातलं हवेत उडाल्याचा आहे, हे धाकट्यांना शेतीखात्याच्या बाईंनी सांगितलं. या बाई गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे वर्ग घेत, आणि वर्गातली माणसं चहा आला की उठून जात. धाकटे उठले नाहीत. युरियातलं नत्र उघड्यावर पडलं की काही हवेत जातं, काही पाण्याबरोबर खाली झिरपतं, काही ओढ्याला मिळतं, आणि गव्हाच्या अंगाला लागतं ते उरलंसुरलं, हे त्यांनी बसून ऐकलं. ऐकताना त्यांना गावची विहीर आठवत होती. विहिरीवर मागच्या वर्षी फलक लागला होता, तान्ह्या मुलांना हे पाणी पाजू नये. विहीर होती त्यांच्याच शेताच्या उताराला. येणाराजाणारा तो फलक वाचून वर शेताकडे बघतो असं धाकट्यांना वाटायचं, आणि त्यांना मनापासून लाज वाटायची.

"म्हणजे इतकी वर्षं मी हवेला जेवू घातलं?" थोरल्यांनी विचारलं.

"थोडं विहिरीलाही," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी उरलेला चहा संपवला आणि विषयही संपवला. पण धाकटे हटले नाहीत. दुपारी तोच विषय, संध्याकाळी तोच विषय, जेवताना तोच विषय. इतका हट्ट त्यांनी लहानपणी खेळण्यासाठीही केला नव्हता, असं आईंनी बोलून दाखवलं. शेवटी थोरले कंटाळले, किंवा त्यांना मनातून गंमत बघायची होती. त्यांनी अट घातली.

"हा हंगाम तुझा. मी शेतात काडी हलवणार नाही. पण पीक पिवळं पडलं तर शेत परत माझ्या हातात, आणि मी आहे तोवर या घरात पुन्हा वर्गाचं आणि बाईंचं नाव काढायचं नाही."

धाकट्यांनी मान्य केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शेताबद्दलची एखादी गोष्ट त्यांच्या मनाने होणार होती. हंगाम हातचा गेला तर पुढची संधी कधी मिळेल हे थोरल्यांच्या तब्येतीकडे बघून कुणालाही सांगता आलं असतं.

बाईंनी धाकट्यांना एक युक्ती दिली. शेतात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पट्टा उपाशी ठेवायचा. त्याला युरियाचा कणसुद्धा द्यायचा नाही. बाकीच्या शेताला पहिला हप्ता द्यायचा तो थोडा, आणि पाणी सोडायच्या तोंडावर, म्हणजे तो लगेच मातीत जाईल. मग दोन्हीकडचा रंग ताडून बघायचा. उपाशी पट्टा फिका आणि शेत हिरवं दिसलं तर जमिनीत स्वतःचं असं फार नाही. पुढचा हप्ता वेळेवर द्यायला हवा. दोन्ही सारखेच हिरवे दिसले तर जमिनीच्या पोटात पुरेसं आहे. वरून ओतायची गरज नाही. रंग ताडायला त्यांनी एक पुठ्ठ्याचा तक्ताही दिला. त्यावर फिक्या हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत पट्ट्या छापलेल्या होत्या. गव्हाचं पान त्यावर ठेवायचं आणि जुळणारी पट्टी शोधायची.

पट्टा कुठे ठेवायचा ते बाईंनी धाकट्यांवर सोपवलं, आणि सगळा घोटाळा तिथे झाला. धाकट्यांनी घराकडची कड निवडली. चहा पितापिता रंग बघता येईल, एवढाच त्यांचा हेतू. पण त्या कडेच्या एका टोकाला गावात जाणारा रस्ता होता, दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याचा बांध होता आणि समोर स्वयंपाकघराची खिडकी. गावात अब्रू जायला याहून सोयीची जागा शोधूनही मिळाली नसती.

पहिला हप्ता दिला, पाणी सोडलं, आणि बघताबघता शेत हिरवं झालं. उपाशी पट्टा मात्र आजारातून उठल्यासारखा दिसू लागला. धाकटे खूश होते, कारण पट्ट्याने असंच दिसायला हवं होतं. रोज सकाळी ते तक्ता घेऊन जात, पान ताडत आणि शीळ घालत परत येत. त्या घरात शीळ घालणारे ते एकटेच होते.

सूनबाईंचा दिवस त्या खिडकीसमोर जात असे. त्या मूळच्या वाढणाऱ्या. पाहुणा नको नको म्हणत असताना त्याच्या ताटात आणखी एक वाढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. अशा बाईने रोज भांडी घासताना समोर काय बघायचं, तर एकाच शेतातलं उपाशी ठेवलेलं पीक. हा पंक्तिप्रपंच आपल्याला बघवत नाही, असं त्यांनी नवऱ्याला सांगून पाहिलं. गहू म्हणजे पाहुणा नव्हे, असं नवऱ्याने उत्तर दिलं. मग एका सकाळी पंपाचा वॉशर आणायला धाकटे तालुक्याला गेले आणि सूनबाई वाटीभर युरिया घेऊन बाहेर पडल्या. फक्त एकच वाटी, आणि तीही सपाट भरलेली. पांढरे दाणे वर दिसले असते, म्हणून त्यांनी ओळींच्या कडेने बोटाने रेघ ओढली, दाणे त्यात सोडले, माती लोटली आणि वरून भांडी घासल्याचं पाणी शिंपडलं. घरात येऊन हात धुतल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं, की पुढे धाकटे बाहेर गेले की वाटी बाहेर जाऊ लागली.

थोरल्यांचं दुःख वेगळं होतं. रस्त्याने जाणारी माणसं त्यांना ओळखत. एकाने थांबून विचारलं, मध्यंतरी अंथरुणाला खिळला होतात काय, शेताकडे लक्ष दिसत नाही. दुसऱ्याने काही विचारलंच नाही, नुसतं हळहळून बघितलं आणि पुढे गेला. थोरल्यांना ते जास्त लागलं. दिलेला शब्द त्यांना मोडायचा नव्हता. म्हणून त्यांनी पायरीवर बसून बराच विचार केला आणि असा निष्कर्ष काढला, की आपण शब्द दिलाय तो शेताबद्दल. जिथे काही करायचंच नाही असं ठरलंय, त्याला शेत कसं म्हणायचं? तो तर रस्त्याचा भाग. मनाचं असं समाधान झाल्यावर ते फिरायला जाताना खिशात मूठभर युरिया नेऊ लागले. शिरस्त्याप्रमाणे उधळून द्यायची सोय नव्हती. कुणी बघितलं तर नाक कापलं जाईल. म्हणून बांधावरच्या ओल्या मातीत तो कालवायचा, चिमटीचिमटीने मुळाशी दाबायचा, तोही पाण्याची पाळी असेल त्या सकाळी, म्हणजे दुपारपर्यंत मागमूस राहणार नाही. एवढं नाजूक काम थोरल्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांची कंबर धरली, तरी ते कण्हले नाहीत.

तिसरे दुर्बीणराव. हे शेजारचे शेतकरी. स्वतःच्या शेतापेक्षा इतरांच्या शेतात काय चाललंय यावर त्यांचं लक्ष अधिक, म्हणून गावाने त्यांना हे नाव दिलं होतं आणि त्यांनाही ते मानाचं वाटत असे. फिका गहू बघून त्यांनी आधी चेष्टा केली. मग त्यांना शंका आली, की हा रोग आहे आणि तो बांध ओलांडून आपल्याकडे येणार. धाकट्यांना सांगून उपयोग नव्हता. ते तासभर नत्र समजावून सांगत. तेव्हा दुर्बीणरावांनी स्वतःच्या पोत्यातला युरिया स्वतःच्या ओंजळीने दुसऱ्याच्या शेतात टाकला आणि वरून पायाने माती ओढली. जन्मात कुणाला पाणी न विचारणाऱ्या माणसाने भीतीपोटी केलेला हा दानधर्म. एकदा केला, उपयोग दिसला नाही म्हणून परत केला, आणि मग उपयोग दिसू लागला म्हणून चालू ठेवला.

पट्ट्याने बाळसं धरलं. आधी टोकं हिरवी झाली, मग मधला भाग, आणि एका सकाळी धाकट्यांनी तक्त्यावर पान ठेवलं तर पट्ट्याचा आणि शेताचा रंग एक झाला होता. त्यांनी पुन्हा ताडून बघितलं. मग ते जवळजवळ धावत घरात आले.

"आपल्या जमिनीच्या पोटात भरपूर आहे. दुसरा हप्ता द्यायचाच नाही."

सूनबाईंच्या हातातला डाव थांबला. थोरल्यांनी पेपर वर धरला. वास्तविक त्याच वेळी दोघांपैकी कुणी तोंड उघडलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण प्रत्येकाला स्वतःचीच करणी माहीत होती. सूनबाईंनी मनात हिशेब केला, आपल्या वाटीने असं कितीसं होणार? हे म्हणतायत त्यात तथ्य असेल, जमीनच कसदार असेल. थोरल्यांनीही तोच हिशेब केला. चिमटीचिमटीने का गहू असा पोसतो? म्हणजे पोरगं म्हणतंय ते खरं दिसतंय. मनातल्या मनात त्यांना मुलाचं कौतुकही वाटलं, पण पेपरच्या आड ते कुणाला दिसलं नाही. बांधापलीकडे दुर्बीणरावांनी तर आणखी पुढची उडी मारली. आपली जमीन याच जमिनीला लागून आहे, मग आपण तरी पुढचा युरिया का टाका? त्यांनीही हात आखडला.

बाई येऊन पट्टा बघून गेल्या. त्या पट्ट्यात खाली बसल्या, पान उलटसुलट केलं, आणि यात कुणी काही टाकलं तर नाही ना, असं त्यांनी सरळ विचारलं. धाकट्यांना ते लागलं. आमच्या घरातलं माणूस शब्द मोडत नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मागे उभे असलेले थोरले आकाशातला एक ढग न्याहाळत होते आणि सूनबाई चहा टाकायला आत गेल्या होत्या. बाई म्हणाल्या, असं मी कुठे पाहिलं नाही, थोडं थांबा, पुन्हा ताडून बघू. पण धाकट्यांचा निश्चय झाला होता, आणि निश्चय झाल्यावर थांबणं त्या घराण्यात कुणालाच जमत नसे.

मग शेत पिवळं पडू लागलं.

सुरुवातीला खालची पानं. धाकटे म्हणाले, थंडीमुळे. मग मधली पानं. धाकटे म्हणाले, पाणी जास्त झालं. त्या काळात ते तक्ता घेऊन इतक्या वेळा शेतात गेले, की त्याचे कोपरे दुमडले आणि फिक्या पट्ट्या त्यांना तोंडपाठ झाल्या. आणि गंमत अशी, की ज्याला काहीच दिलं नव्हतं तो पट्टा गडद हिरवा, रुंद पानांचा, वाऱ्यावर डुलणारा. ज्याला दिलं होतं ते शेत फटफटीत. धाकट्यांना झोप लागेना. शेत हातचं जातंय हे त्यांना दिसत होतं, पण का जातंय ते कळत नव्हतं, आणि न कळता हरणं त्यांना मंजूर नव्हतं. त्यांनी बाईंना निरोप धाडला, या आणि वर्गातल्या सगळ्यांना घेऊन या. जे काय असेल ते चारचौघांत तपासू. थोरले म्हणाले, चारचौघांत कशाला? धाकटे म्हणाले, लपवायचं काय आहे?

बाई आसपासच्या शेतकऱ्यांना घेऊन आल्या. पाण्याची पाळीही त्याच दुपारी होती. माणसं बांधावर उभी राहिली आणि धाकटे समजावून सांगू लागले, की हा हिरवा पट्टा उपाशी आहे आणि हे पिवळं शेत जेवलेलं आहे. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने सौम्यपणे विचारलं, तुमचं उलटसुलट तर होत नाही ना? दुसरा म्हणाला, मग आमच्याकडचा युरिया पुरून टाकावा काय? हसणं वाढत चाललं. धाकटे घामाघूम झाले, पण मागे सरले नाहीत. जे दिसतंय ते दिसतंय, एवढंच ते म्हणत राहिले.

बाई तेवढ्यात खुरपं घेऊन पट्ट्यात उतरल्या होत्या. त्यांनी एका ठोंबाच्या मुळाशी माती उकरली आणि तळहातावर घेऊन वर आल्या. मातीत पांढरे दाणे होते, पार कोरडे आणि टपोरे. युरिया ओलीत विरघळून जातो. हे दाणे आज सकाळचेच असणार, हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला समजलं.

"हे कुणाचं?" बाईंनी विचारलं.

"माझं," सूनबाई म्हणाल्या.

"माझं," थोरले म्हणाले.

"माझं असेल," दुर्बीणराव बांधापलीकडून म्हणाले.

तिघांनी एकदमच सांगितलं. मग तिघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर अपराधापेक्षा आश्चर्य जास्त होतं. धाकट्यांनी आळीपाळीने तिघांकडे बघितलं. मग त्यांची नजर मागच्या पायरीवर गेली. तिथे आई रोजच्याप्रमाणे मटार सोलत बसल्या होत्या. त्या पायरीवरून अख्खा पट्टा दिसत असे.

"आई, तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं, कुणाला सांगू नका म्हणून," आई म्हणाल्या. "मी कुणाला सांगितलं नाही."

धाकटे बांधावर खाली बसले. राग आला होता, पण कुणावर काढायचा ते ठरेना. बायकोने पट्ट्याला जेवू घातलं, बापाने पट्ट्याची लाज राखली, शेजाऱ्याने कधी नव्हे ते औदार्य दाखवलं. आणि सगळ्यांच्या मायेत त्यांचा हंगाम बुडाला होता. पट्टा खोटं बोलला म्हणून त्यांनी शेताला हप्ता दिला नाही, आणि हप्ता दिला नाही म्हणून शेत पिवळं पडलं. अट तर सरळ होती. लोकांतून कुणीतरी म्हणालंच, की थोरल्यांनी आता शेत हातात घ्यावं. धाकट्यांनी मान वर केली नाही. बांधावरची ढेकळं ते एकेक करून फोडत राहिले.

सगळ्यांचे डोळे थोरल्यांकडे वळले. बोलल्या त्या बाई, आणि त्याही भलत्याच गोष्टीबद्दल. त्यांनी तिघांना समोर उभं केलं आणि कसं टाकलं ते बारकाईने विचारलं. एकदम टाकलं की थोडंथोडं? थोडंथोडं, एकदम नेलं असतं तर पोतं रिकामं दिसलं असतं. वर फेकलं की मातीत? मातीत, वर फेकलं असतं तर दिसलं असतं. पाणी कधी दिलं? सूनबाई म्हणाल्या, लगेच. दुर्बीणराव म्हणाले, या पट्ट्याला पाणी यायच्या बेतालाच. थोरले पुटपुटले, पाळीच्या दिवशी सकाळी. मग बाईंनी विचारलं, तिघांचं मिळून सगळं किती झालं असेल? वाटी, खिसा आणि ओंजळ यांची बेरीज बादलीत माती भरून करून पाहिली. बाईंनी थोरल्यांना विचारलं, एवढ्या पट्ट्याला तुम्ही आजवर किती फेकत आलात?

थोरल्यांनी बादलीकडे बघितलं. खोटं बोलायची सोय होती, कारण मोजायला कुणी बसलं नव्हतं. पण युरियाच्या बाबतीत थोरले कधी खोटं बोलले नव्हते.

"याच्या दुपटीहून जास्त," ते म्हणाले.

"आणि असा गहू आला होता कधी?"

थोरले पट्ट्यात शिरले. एक पान त्यांनी अंगठ्याने चोळून पाहिलं, एक ठोंब मुठीत धरला, काड्या मोजल्यासारखं केलं. बाहेर यायला त्यांना वेळ लागला. असा गहू त्यांनी पाहिला नव्हता, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं.

बाई लोकांकडे वळल्या. मी इतकी वर्षं घसा कोरडा करून हेच सांगतेय, त्या म्हणाल्या. थोडं द्या, मातीआड द्या, पाण्याच्या तोंडावर द्या, म्हणजे हवेत आणि विहिरीत जाणार नाही. उजळ माथ्याने कुणी केलं नाही. या घराने चोरून का होईना, पण अगदी जसं सांगितलं तसं केलं. लोक हसले, पण या वेळच्या हसण्यात चेष्टा कमी होती आणि पट्ट्याकडे वळणाऱ्या माना जास्त होत्या. दुर्बीणराव पुढे येऊन म्हणाले, मी तर हे पहिल्यापासून म्हणत होतो. त्यांचं स्वतःचं शेत मागे पिवळं दिसत होतं.

"आणि हे?" धाकट्यांनी बसल्या जागेवरून आपल्या शेताकडे बोट केलं.

बाईंनी एक काडी उपटून बोटाने चिरली. ओंबी अजून आतच होती. अजून वेळ गेली नव्हती, पण फार उरलीही नव्हती. आज दुपारची पाळी चुकली तर मग मात्र काही खरं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

धाकटे उठले. गुडघा कुरकुरला, त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. हंगाम संपेपर्यंत शेत माझं आहे, असं ते कुणाकडेही न बघता म्हणाले, आणि कोठीकडे चालू लागले. दुसऱ्या हप्त्याची पोती तिथे पडून होती. एका पोत्याला अर्थातच वरून बराच खड्डा पडला होता. त्यांनी पोती बाहेर ओढली, ओली माती आणली, घमेल्यात कालवायला घेतली. सूनबाई पदर खोचून आल्या. आलेल्या शेतकऱ्यांपैकी काहींनी बाह्या सरसावल्या, काही बघत उभे राहिले. पाणी यायच्या आत अख्खं शेत उरकायचं होतं आणि ते उरकण्यासारखं दिसत नव्हतं, तरी धाकट्यांचा हात थांबला नाही.

थोडं शेत झालं तेव्हा त्यांना बाजूला सावली दिसली. थोरले रिकामी बादली घेऊन उभे होते. आता हे शेत परत मागणार, असं धाकट्यांना वाटलं. मागितलं असतं तर नाही म्हणायला तोंड नव्हतं. ते कमरेत वाकलेलेच राहिले आणि वाट बघू लागले.

"किती टाकू?" थोरल्यांनी विचारलं.

धाकट्यांना नीट ऐकू आलं नाही असं नव्हे. पण जन्मापासून त्यांनी वडिलांच्या तोंडून हा प्रश्न ऐकला नव्हता. मुलगा किती खातो, मुलगा किती शिकला, हेही थोरल्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना सगळं माहीत असायचं. सूनबाईही कालवता कालवता थांबल्या.

"ओळीला अर्धी मूठ," धाकटे म्हणाले. "मातीत. वर दिसता कामा नये."

"वर दिसू न देण्याची सवय झालीय मला," थोरले म्हणाले, आणि बादली भरून पलीकडच्या ओळीला लागले.

ओळीमागून ओळ होत गेली. थोरल्यांनी दोनदा थांबून विचारलं, एवढं पुरे का, आणि दोन्ही वेळा धाकट्यांनी सांगितलं तेवढंच टाकलं. पाणी पाटात आलं तेव्हा शेवटच्या ओळी चालल्या होत्या, आणि त्या संपताच सगळे वाकलेले पाठीला हात लावत सरळ झाले. समोर तो हिरवा पट्टा होता.

"याला?" थोरल्यांनी विचारलं.

"याला काही नाही."

थोरल्यांनी मान डोलावली. मग पट्ट्याच्या तोंडाशी जाऊन, पाय रोवून, ते घराकडे आणि बांधाकडे आळीपाळीने बघत उभे राहिले. सूनबाई घमेलं घेऊन तिथूनच जात होत्या. घमेल्याच्या तळाशी थोडं उरलं होतं आणि त्यांची पावलं जरा मंदावली.

"सूनबाई, घमेलं सरळ धर," थोरले म्हणाले. "आणि दुर्बीणराव, तुमची मूठ उघडून दाखवा."

दुर्बीणरावांनी थोडा वेळ आढेवेढे घेतले आणि मग मूठ उघडली. त्यांना परत पाठवून थोरले मुलाकडे वळले आणि पाणी आधी कुठल्या वाफ्यात सोडायचं, ते त्यांनी विचारलं.